आपोआप सांधणारा डांबरी रस्ता : त्यात खरे किती, आणि आपले काम कोणते?



मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रस्त्यांचा विषय निघाला तेव्हा एका सभासदाने उभे राहून विचारले, "आता म्हणे परदेशात आपोआप बुजणारा रस्ता निघालाय. भेग पडली की ती आपली आपणच सांधते. मग आपण दर वर्षी डागडुजीला पैसे का घालायचे? तसलाच रस्ता एकदा करून टाका की!" सभेत हशा झाला, टाळ्याही पडल्या. वेळ संपत आल्याने त्या प्रश्नाला तेव्हा उत्तर देता आले नाही. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. म्हणून आम्ही त्याची माहिती मिळवली, आणि जी समजली ती साध्या शब्दांत पुढे मांडत आहोत.

या माहितीची सुरुवात झाली ती पुण्यात, बिबवेवाडीत. साखर संकुलातील काम आटोपायला संध्याकाळ झाली, म्हणून आम्ही तिघेजण आपल्या एका सभासदाच्या मुलाकडे मुक्कामाला गेलो. तो बिबवेवाडीत खोली घेऊन स्थापत्य अभियांत्रिकी शिकतो. बिबवेवाडीची जागा आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीची आहे. उत्तरेला मार्केट यार्ड, पश्चिमेला सातारा रस्ता, आणि दक्षिणेकडे अप्परचा चढ. यार्डात माल घेऊन जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ आपण सर्वांनी पाहिली आहे. चहा घेता घेता सभेतला तो प्रश्न आम्ही त्याला सांगितला. तो म्हणाला, "काका, प्रश्न बरोबर आहे. पण रस्ता आजही थोडासा आपोआप सांधतोच. फक्त आपण त्याला सांधू देत नाही." आणि त्याने संगणक उघडला. त्या रात्री अकरा वाजेपर्यंत जे समजले, आणि नंतर वाचून पडताळले, त्याचा हा सारांश.

भेग पडते कशी?

डांबरी रस्ता म्हणजे नुसते डांबर नव्हे. शंभर किलो मिश्रणात साधारण पंच्याण्णव किलो खडी, कच आणि भुकटी असते, आणि डांबर अवघे पाच किलोच्या आसपास. व्यवहारात आपण ज्याला डांबर म्हणतो ते खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरलेले बिट्युमेन होय. हे पाच किलोच बाकीच्या पंच्याण्णव किलोला धरून ठेवतात. चांगल्या दाबलेल्या थरात शंभरात चार-पाच भाग पोकळी मुद्दाम राखलेली असते, म्हणजे उन्हाळ्यात डांबर फुगले तर त्याला जागा मिळते.

आता या थरावरून उसाने भरलेली ट्रॉली गेली असे समजा. चाकाखाली रस्ता किंचित खाली वाकतो आणि चाक पुढे गेले की परत वर येतो. डोळ्यांना हे दिसत नाही. पण वाकताना डांबरी थराच्या तळाशी ओढ बसते. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, शंभर वेळा त्याच ठिकाणी वाकवली की तुटते. तसेच इथे होते. हजारो चाके गेली की तळाशी केसापेक्षाही बारीक भेगा पडतात. त्या एकमेकींना मिळतात, मोठ्या होतात आणि एक दिवस वर दिसू लागतात. रस्त्यावर मगरीच्या पाठीसारखी जाळी दिसते ती हीच. त्यातून पाणी आत शिरते, खालची खडी आणि माती भिजते, आणि मग खड्डा पडायला एक जोराचा पाऊसही पुरतो.

दुसरा प्रकार वरून सुरू होतो. ऊन आणि हवा यांमुळे डांबरातील हलके, तेलकट अंश कमी होतात आणि जड अंश वाढतात. डांबर म्हातारे होते, कडक होते आणि ठिसूळ बनते. अशा डांबराला वाकणे जमत नाही, ते तडकते.

काकवी आणि गूळ

ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे त्याला यापुढचे समजावून सांगायला वेळ लागणार नाही. काकवीच्या भांड्यात चमचा फिरवून रेघ ओढा. गरम काकवीत ती रेघ क्षणात बुजते. थंडीच्या सकाळी घट्ट काकवीत बुजायला वेळ लागतो. आणि तीच काहील जास्त आटवून गुळाची ढेप केली, तर तिच्यावर पडलेली चीर कितीही दिवस थांबलात तरी बुजत नाही. डांबराचे अगदी असेच आहे. ताजे आणि गरम डांबर काकवीसारखे, जुने आणि गार डांबर गुळाच्या ढेपेसारखे.

बारीक भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या, वर उष्णता असली आणि काही काळ वरून चाक गेले नाही, तर एका कडेचे डांबर दुसऱ्या कडेत मिसळते. आधी कडा ओल्या होऊन चिकटतात, मग एकीकडचे कण हळूहळू पलीकडे सरकतात, आणि जोड पक्का होत जातो. हा शोध काही कालचा नाही. १९६७ साली अमेरिकेत ॲन आर्बर येथे डांबरी रस्त्यांच्या रचनेवर जी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिच्यात बाझँ आणि सोन्ये या संशोधकांनी मोडलेले नमुने विसावा दिल्यावर पुन्हा ताकद धरतात हे मांडले होते. प्रयोगशाळेत डांबरी नमुना सतत वाकवला तर तो लवकर तुटतो. प्रत्यक्ष रस्ता त्या हिशेबापेक्षा बराच जास्त टिकतो. याचे एक मोठे कारण असे, की रस्त्यावर एका चाकानंतर दुसरे येईपर्यंत मध्ये विसावा मिळतो.

म्हणजे डांबराला स्वतःची जखम भरण्याचा गुण मुळातच आहे. त्याला तीन गोष्टी लागतात : ऊब, विसावा आणि कोरडी, स्वच्छ भेग. भेगेत पाणी आणि चिखल शिरला की कडा एकमेकींना भेटतच नाहीत. माती भरलेली जखम जशी चिघळते, तसेच.

संगणकाचे काम काय?

तुम्ही म्हणाल, यात संगणक कुठून आला? रस्ता तर रोलर आणि खडीचा. पण रस्ता टिकेल की नाही हे करून पाहायचे तर दहा-पंधरा वर्षे थांबावे लागते, आणि चुकले तर पैसे गेलेच. संगणकात तोच रस्ता आकड्यांनी उभा करून आधी मोडून पाहता येतो. हे दोन पातळ्यांवर चालते.

पहिली पातळी संपूर्ण रस्त्याची. बिबवेवाडीत त्या मुलाने आम्हाला दाखवला तो आयआयटी खरगपूर येथे तयार झालेला 'आयआयटीपेव्ह' नावाचा कार्यक्रम. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी ३७ या नियमावलीप्रमाणे डांबरी रस्त्याची जाडी ठरवताना देशभर हाच वापरतात. त्यात मातीची ताकद, खडीच्या थरांची जाडी, डांबरी थराची जाडी आणि चाकाचे वजन भरायचे. तो दोन आकडे देतो. डांबरी थराच्या तळाशी किती ओढ बसते हा एक, आणि अगदी खालच्या मातीच्या माथ्यावर किती दाब पडून ती चेपते हा दुसरा. पहिल्यावरून भेगा कधी पडतील ते कळते, दुसऱ्यावरून चाकोऱ्या कधी पडतील ते.

आम्ही म्हणालो, "आमच्याकडची काळी जमीन घाल." त्याने कोरडी माती धरून आकडे काढले. मग म्हणाला, "आता शेजारच्या उसाचे पाणी रस्त्याच्या कडेला साचलंय असं धरू." मातीची ताकद कमी केल्याबरोबर दोन्ही आकडे चढले. वजन तेच, खडी तीच, डांबर तेच. फक्त खालची माती ओली. आमच्यापैकी एकजण म्हणाला, "म्हणजे पाण्याची पाळी आमची आणि खर्च रस्त्याचा!" त्यावर कोणी काही बोलले नाही.

दुसरी पातळी फारच खोल, डांबराच्या अणु-रेणूंची. डांबरात निरनिराळ्या प्रकारचे असंख्य रेणू असतात. काही जड आणि चपटे, काही हलके आणि तेलासारखे. संगणकात या रेणूंच्या दोन गठड्या शेजारी ठेवतात आणि मध्ये एक बारीक फट सोडतात. प्रत्येक अणूवर शेजारच्या अणूंचा किती ओढा आहे याचे गणित करून तो पुढच्या क्षणी कुठे सरकेल हे काढतात. हा 'क्षण' एवढा लहान, की एका सेकंदाचे एक अब्ज भाग करावेत आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करावेत. अशी कोट्यवधी गणिते झाली की फट कशी बुजते, कोणते रेणू आधी पलीकडे जातात, ऊब वाढवली तर किती लवकर, तेलाचा अंश वाढवला तर काय होते, हे पडद्यावर दिसते. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही भिंगाखाली रेणूंची ही हालचाल अशी सलग पाहता येत नाही.

या गणिताची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही फट केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी लहान असते आणि चित्रातला काळ सेकंदाचा अत्यल्प अंश असतो. तिथून आपल्या शिवेच्या रस्त्यावरच्या भेगेपर्यंत यायला मधल्या अनेक पायऱ्या आहेत. एका पायरीत डांबराचा लगदा, दुसरीत खडीचा एकेक दाणा आणि त्याभोवतीचे डांबर, तिसरीत पूर्ण थर. संशोधक खालच्या पायरीचा आकडा वरच्या पायरीला देत देत वर येतात, आणि प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष नमुना मोडून पडताळा घेतात. संगणक रस्ता बांधत नाही. कोणत्या वाटेने शोध घ्यावा एवढे तो लवकर सांगतो.

परदेशात काय चालले आहे?

डांबराच्या या मूळ गुणाला हातभार लावण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

एक, ऊब देणे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाचे प्राध्यापक एरिक श्लांगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डांबराच्या मिश्रणात पोलादी लोकरीचे बारीक तंतू घातले. वरून विद्युत्-चुंबकीय यंत्र फिरवले की हे तंतू तापतात, भोवतालचे डांबर मऊ होते आणि बारीक भेगा मिटतात. २०१० साली त्या देशातील ए-५८ या महामार्गावर, व्लिसिंगन शहराजवळ, अशा रस्त्याचा एक तुकडा प्रत्यक्ष करण्यात आला. त्यांच्याकडे आवाज कमी व्हावा म्हणून सच्छिद्र डांबरी थर घालतात. त्यातली खडी लवकर सुटते, म्हणून त्यांना याची गरज होती. लक्षात घ्या, इथेही रस्ता 'आपोआप' सांधत नाही. ठरावीक काळाने यंत्र फिरवावे लागते.

दोन, गेलेले तेल परत देणे. म्हाताऱ्या डांबरातला तेलकट अंश कमी होतो हे वर सांगितले. मग मिश्रणातच तेलाच्या सूक्ष्म कुप्या घालून ठेवायच्या. भेग पडताना कुपी फुटते, तेल भेगेत उतरते, कडा मऊ होतात आणि मिसळतात. लंडनचे किंग्ज कॉलेज आणि वेल्समधील स्वॉन्सी विद्यापीठ यांनी चिलीतील सहकाऱ्यांसह केलेले असे काम फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉ. फ्रान्सिस्को मार्टिन-मार्टिनेझ आणि डॉ. होसे नोरांबुएना-कॉन्ट्रेरास हे त्यातले प्रमुख. त्यांनी वनस्पतींच्या बीजाणूंची, केसापेक्षा बारीक अशी कवचे घेतली आणि त्यांत पुनर्वापराचे तेल भरले. वर सांगितलेले रेणूंचे गणित फार वेळ खाते, म्हणून ते वेगाने करण्यासाठी त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली. प्रयोगशाळेत जुन्या डांबराच्या पृष्ठभागावरची सूक्ष्म भेग तासाभराच्या आत पूर्ण मिटली, असे त्यांनी नोंदवले आहे.

सभेत ज्या बातमीचा उल्लेख झाला ती बहुधा हीच. बातमी खरी आहे. परंतु तिच्यातले दोन शब्द वाचताना सुटतात : 'प्रयोगशाळेत' आणि 'सूक्ष्म'. ज्या भेगेत नाण्याची कड शिरते तिला कुपीतले तेल पुरत नाही. आणि ज्या खड्ड्यात ट्रॉलीचे चाक बसते त्याला तर जगातील कोणतेही डांबर आपोआप भरून काढत नाही.

जंगली महाराज रस्त्याचा धडा

नवे काहीही न घालता रस्ता किती टिकतो याचे उदाहरण पुण्यातच आहे. बिबवेवाडीहून स्वारगेटमार्गे डेक्कनकडे गेलात की जंगली महाराज रस्ता लागतो. १९७६ साली तो रेकॉन्डो या कंपनीने गरम मिश्रणाच्या पद्धतीने केला आणि दहा वर्षे खड्डा पडणार नाही अशी हमी दिली. हमीची दहा वर्षे संपली, त्यानंतरही कित्येक पावसाळे गेले, आणि हा रस्ता खड्ड्यांवाचून टिकला म्हणून आजही पुणेकर त्याचे नाव घेतात.

त्या रस्त्यात ना कुप्या होत्या, ना पोलादी तंतू. काम नीट झाले होते, एवढेच. डांबर आणि खडी योग्य तापमानाला मिसळली, गरम असतानाच नीट दाबली आणि पाण्याचा निचरा राखला, तर आतली पोकळी कमी राहते, हवा-पाणी आत शिरत नाही, डांबर लवकर म्हातारे होत नाही, आणि पडणाऱ्या बारीक भेगा उन्हाळ्यात मिटत राहतात. मिश्रण दीडशे अंशांच्या वर तापलेले निघते. ते लांबून आणताना गार झाले आणि तसेच पसरले, तर रोलर कितीही फिरवा, पोकळी उरतेच. असा रस्ता पहिल्या दिवशी छान दिसतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात उकलतो.

आपल्या रस्त्यावरचे ओझे

आता जरा आपल्याकडे वळू. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, ओटावा गावाजवळ, रस्त्यांची एक मोठी चाचणी झाली. ठरावीक वजनाच्या गाड्या मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून रात्रंदिवस फिरवल्या. त्यातून जो नियम निघाला तो आजही जगभर धरतात. ॲक्सलवरचे वजन जितक्या पटीने वाढते, त्याच्या चौथ्या घाताने रस्त्याचे नुकसान वाढते. नियम ढोबळ आहे, पण त्याचा अर्थ डोळे उघडणारा आहे.

ॲक्सलवर सव्वापट वजन घातले तर नुकसान जवळजवळ अडीचपट. दीडपट घातले तर पाचपट. दुप्पट घातले तर सोळापट!

एक हिशेब करून पाहा. योग्य वजनाच्या तीन खेपांनी रस्त्याची झीज तीन भाग होते असे धरू. तोच भार ॲक्सलवर दीडपट चढवून दोन खेपांत आणला, तर झीज दोन पाचे दहा भाग. खेप एक वाचली, डिझेल वाचले, वाहतूकदाराला बरे वाटले. पण रस्ता तिपटीहून अधिक झिजला. आणि तो रस्ता कोणाचा? ज्याचा ऊस पुढच्या पंधरवड्यात तुटायचा आहे त्याचाही तोच.

शिवाय आपला हंगाम थंडीचा. रात्री रस्ता गार, डांबर कडक, आणि गळीत जोरात असताना एकामागून एक गाड्या. म्हणजे ऊबही नाही आणि विसावाही नाही. डांबराला जखम भरून काढायला जे हवे ते नेमके याच काळात मिळत नाही. हंगाम संपला की एप्रिल-मेमध्ये रस्ता तापतो आणि वाहतूकही कमी होते. बारीक भेगा मिटण्याचा तो काळ. ज्या मिटण्यापलीकडे गेल्या त्या आपण बुजवण्याचा काळही तोच. जून उजाडला की संधी गेली.

मागच्या हंगामात आपल्या गटातल्या रस्त्यावर एक आडवी चर होती. पाइपलाइन टाकायला ती खणली होती आणि वर नुसती माती लोटली होती. माती खचली. रात्रीच्या वेळी बीड जिल्ह्यातून आलेल्या एका जोडप्याची भरली टायरगाडी त्या चरीत बसली आणि एका बैलाचा पाय मोडला. ऐन हंगामात त्यांची जोडी फुटली. उचल फेडायची, पोरेबाळे कोपीवर, आणि बैल एकच. ही चर कोणी बाहेरच्याने खणली नव्हती. ती आपल्याच सभासदांच्या पाण्यासाठी खणलेली होती. बिबवेवाडीत तो मुलगा "आपण त्याला सांधू देत नाही" असे म्हणाला तेव्हा आम्हाला हीच चर आठवली.

आपल्या चिपाडाचा डांबराशी संबंध

या विषयात ऊस उत्पादकाला आशा वाटावी अशीही एक गोष्ट आहे. डांबर खनिज तेलातून येते आणि देशाला त्याचा मोठा हिस्सा आयात करावा लागतो. त्यातला काही भाग वनस्पतीतून मिळाला तर? लाकूड, पेंढा, उसाचे चिपाड या सर्वांत लिग्निन नावाचा घटक असतो. झाडाला ताठ उभे ठेवणारा हा नैसर्गिक गोंदच म्हणा. वाळलेल्या चिपाडात त्याचे प्रमाण साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतके असते. चिपाडातील तंतूंपासून इथेनॉल काढले तर शेवटी मागे उरते ते मुख्यतः हेच लिग्निन.

पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीने दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या सहकार्याने लिग्निन मिसळलेले जैव-डांबर तयार केले. २१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूर जिल्ह्यात मनसर येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वरील अशा डांबराच्या रस्त्याच्या तुकड्याचे उद्घाटन केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते झाले. खनिज डांबराचा शंभरातला पंधरा भागांपर्यंत हिस्सा लिग्निनने भरून काढण्याची ही कल्पना आहे. लिग्निनमुळे डांबर म्हातारे होण्याचा वेग कमी होतो का, याचाही अभ्यास प्रयोगशाळांत चालू आहे.

म्हणून उद्याच आपल्या चिपाडाला डांबराचा भाव येईल असे कोणी समजू नये. आज आपले चिपाड बॉयलरला लागते, त्यावर वाफ आणि वीज होते, आणि तो पैसा ताळेबंदात दिसतो. लिग्निन हवे तर आधी चिपाडापासून इथेनॉल काढण्याचा वेगळा प्रकल्प हवा, त्याला भांडवल हवे, आणि बॉयलरला दुसरे इंधन हवे. मनसरचा तुकडा किती पावसाळे पाहतो यावर पुष्कळ अवलंबून राहील. तोवर लक्ष ठेवणे एवढेच शहाणपणाचे.

मग आपण काय करायचे?

सभेतील प्रश्नाचे उत्तर आता देतो. आपोआप सांधणारा रस्ता विकत आणून डागडुजीचा खर्च वाचवता येईल अशी स्थिती आज नाही. पण डांबरात जो सांधण्याचा गुण आहे तो वापरून घेणे मात्र आपल्या हातात आहे, आणि त्याला फारसे पैसे लागत नाहीत. त्यासाठी सर्वांना आमची विनंती अशी :

१) शेताचे पाणी रस्त्यावर किंवा रस्त्याच्या कडेला सोडू नये. बांधाकडची गटारे दर वर्षी पावसाळ्यापूर्वी उघडी करावीत. ज्यांनी गटार बुजवून सरीची एक ओळ वाढवली आहे त्यांनी ती सोडावी. त्या एका ओळीचा ऊस रस्त्याच्या किमतीपुढे काहीच नाही.

२) पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खणू नये. जिथे मोरी आहे तिथून पाइप न्यावा. तसे शक्यच नसेल तर परवानगी घ्यावी, आणि चर खडी-मुरूम थरांनी दाबून, वर डांबरी थर देऊन पूर्ववत करावी. नुसती माती लोटून जाऊ नये.

३) ट्रॉली आणि ट्रक ठरल्यापेक्षा जास्त भरू नयेत. तोडणी मुकादम आणि वाहतूकदार यांना शेतमालकानेच फडात सांगितले तर ते ऐकतात. वजनकाट्यावर आल्यावर बोलून उपयोग नाही, झीज तोवर होऊन गेलेली असते.

४) आपल्या शिवेच्या रस्त्यावरील भेगा मे महिन्याच्या आत पाहाव्यात. रस्त्यावर पाणी मारून तो वाळू द्यावा. सगळा रस्ता वाळल्यावरही जिथे काळ्या ओल्या रेघा दिसतात तिथे भेगा आहेत असे समजावे. नाण्याची कड शिरत असेल तर ती भेग आपोआप मिटणार नाही. ती साफ करून, कोरडी करून, गरम डांबराने भरावी लागते. अशा जागा गट कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत लेखी कळवाव्यात.

५) नवीन डांबरीकरण चालू असेल तेव्हा गावातील दोन जाणत्या माणसांनी तिथे उभे राहावे. गरम मिश्रण येते की गार, पाऊस पडत असताना काम रेटतात का, आणि कडेचा उतार पाण्याच्या वाटेकडे आहे का, एवढे जरी पाहिले तरी पुरे.

बिबवेवाडीहून सकाळी निघताना त्या मुलाने आम्हाला विचारले, "काका, मग सभेत काय सांगणार?" आम्ही म्हणालो, संगणकाने जे दाखवले तेच सांगू : डांबराला ऊब, विसावा आणि कोरडेपणा पाहिजे. त्यातली ऊब सूर्य फुकट देतो. विसावा आणि कोरडेपणा आपण द्यायचा आहे.

ऑक्टोबरात मोळी पडण्याआधी प्रत्येक गटाने आपापल्या रस्त्याची एक फेरी मारावी, आणि मागच्या वर्षी जिथे जिथे चरी खणल्या गेल्या त्या प्रथम बुजवून घ्याव्यात. टायरगाड्या येतील तेव्हा त्यांच्या बैलांना आपल्या रस्त्यावरून सुखरूप जाता यावे, एवढे तरी आपण पाहू.